घरून ऑनलाइन काम: आधी वेळेची जात ओळखा, मग काम निवडा

मूल लहान आहे, बाहेर पडून पूर्णवेळ नोकरी सध्या जमणार नाही, पण स्वतःची कमाई हवी आहे. अशा वेळी आपण मोबाइल हातात घेतो आणि ‘घरबसल्या काम’ असं शोधतो. समोर ढीग येतो आणि त्यात खरं काम कुठलं, सापळा कुठला हे कळेपर्यंत उमेद खचते. माझ्या मते आपण शोधायला सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतो. कुठलं काम मिळेल हा प्रश्न नंतरचा. आपल्या हाती वेळ कशा प्रकारचा आहे, हा पहिला.

घरून काम सुरू करून काही महिन्यांत सोडून दिलेल्या बऱ्याच जणी मला माहीत आहेत. त्यांच्यात हुशारी कमी नव्हती आणि कष्टांची तयारीही होती. पण रांगतं मूल घरात असताना एकीनं फोनवर ग्राहकांशी बोलायचं काम घेतलं, तर दुसरीनं दुपारच्या तुकड्या-तुकड्यांच्या वेळात अख्ख्या पुस्तकाचा अनुवाद अंगावर घेतला. कामं दोन्ही चांगली होती. त्या घरांच्या दिवसात ती बसणारी नव्हती, एवढंच.

आठवडाभराची वही

म्हणून पहिला आठवडा काम शोधूच नका. एक वही करा आणि रोज रात्री चार गोष्टी लिहा. आज माझा असा वेळ कधी मिळाला? सलग किती मिळाला? तेव्हा घरात शांतता होती का? आणि उद्या त्याच वेळेला तो पुन्हा मिळेल याचा भरवसा आहे का?

दोन-तीन दिवसांतच चित्र दिसायला लागतं. बाळाची दुपारची झोप शांत असते, पण तिचा नेम नसतो. दात यायला लागले किंवा सर्दी झाली की ती गायब. मूल शाळेत किंवा पाळणाघरात असतं तो वेळ सलग आणि भरवशाचा. घरातलं मोठं माणूस मुलाला खेळवत असेल तेव्हा वेळ सलग मिळतो खरा, पण पाठीमागे आवाज असतो आणि मधूनच दार वाजतं. रात्री सगळे झोपल्यावर शांतता असते, डोकं मात्र थकलेलं असतं. त्या वेळी बिलं करणं, फाइलींना नावं देणं, दुसऱ्या दिवशीचे निरोप लिहून ठेवणं जमतं; बारकाईचं मुद्रितशोधन जमत नाही.

आठवड्याच्या शेवटी तासांची बेरीज करा आणि त्यातून एक तृतीयांश वजा करा. आजारपण, पाहुणे, बंद पडलेलं इंटरनेट या सगळ्यांचा तो वाटा. उरेल तोच वेळ तुम्ही दुसऱ्याला देऊ शकता. आठवड्याला आठ तास उरले तरी काम सुरू होतं. वीस तासांचा शब्द देऊन आठच तास देता आले, तर पहिलाच ग्राहक हातचा जातो. आणि एक कळकळीनं सांगते: झोपेतून कापलेले तास या बेरजेत धरू नका. बाळ रात्री उठत असेल तर मुळीच नको. मुलाचं वेळापत्रक दर काही महिन्यांनी बदलतं, तेव्हा ही वही पुन्हा काढावी लागते. दुपारची झोप सुटली की जुनं काम बसेनासं होतं आणि मूल शाळेत जायला लागलं की आधी अशक्य वाटलेलं काम आवाक्यात येतं.

कुठल्या वेळेला कुठलं काम

ऑनलाइन शिकवणी, भाषेचे तास, ग्राहकसेवेचे कॉल यांना ठरलेली वेळ आणि पाठीमागची शांतता दोन्ही लागतात. मूल शाळेत असतानाचे तास हाती असतील तर शिकवणीचा विचार जरूर करा, कारण विषय तुम्हाला आधीच येत असतो. कमिशनचा नियम मात्र आधी वाचा. प्रेप्ली या संकेतस्थळावर नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाचे सगळे पैसे कंपनीकडे जातात. पुढच्या तासांवरचं कमिशन ३३ टक्क्यांपासून सुरू होतं आणि तुमचे शिकवलेले तास वाढतील तसं ते १८ टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हणजे तिथे पैसा टिकून राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर मिळतो. एक तास बघून जाणाऱ्यांवर तुमची मेहनत फुकट जाते. चॅटवरच्या ग्राहकसेवेला शांतता लागत नाही, पण पाळी ठरलेली असते आणि मधेच उठता येत नाही.

अनुवाद, लेखन, मुद्रितशोधन यांना सलग वेळ लागतो, पण तो दिवसातला कुठलाही चालतो. मुदत पाळली की झालं. पाऊण-एक तासाचे सलग तुकडे रोज मिळत असतील तर ही कामं शोभतात. दहा-दहा मिनिटांच्या वेळात अनुवाद करायला गेलात तर प्रत्येक वेळी मागचं वाक्य पुन्हा वाचण्यातच निम्मा वेळ जातो.

तुकड्यांच्या वेळात बसणारं काम म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंटचं. कुणाचे ईमेल निवडून ठेवायचे, भेटीच्या वेळा लावायच्या, बिलं पाठवायची, शीटमध्ये नोंदी करायच्या. हे काम घेताना एक प्रश्न आधी विचारा: निरोप आल्यापासून किती वेळात उत्तर अपेक्षित आहे? ‘लगेच’ असं उत्तर आलं तर ते दिवसभर बांधून ठेवणारं काम आहे, पगार तासाचा असला तरी. ‘दिवसभरात कधीही’ असेल तर आईसाठी उत्तम. छोट्या व्यवसायांचे हिशेब ठेवणं हेही असंच. वाणिज्य शाखेत शिकलेल्या बायकांनी हे काम आवर्जून बघावं. महिनाअखेरीला ताण येतो, एरवी ते आपल्या सोयीनं करता येतं. समाजमाध्यमांवरच्या पोस्ट सांभाळायच्या असतील तर महिन्याभराच्या पोस्ट एका बैठकीत तयार करून वेळ लावून ठेवता येतात. टिप्पण्यांना उत्तरं कोण देणार, हे मात्र आधी ठरवून घ्या.

छोटी-छोटी क्लिकची कामं, म्हणजे चित्रं ओळखा, सर्वेक्षण भरा, दोन वाक्यं तपासा अशी कामं तुकड्यांच्या वेळेला अगदी सोयीची वाटतात. मी ती सुचवत नाही. ॲमेझॉनचं मेकॅनिकल टर्क हे अशा कामांचं २००५ साली सुरू झालेलं जुनं ठिकाण. तिथल्या २,६७६ कामगारांनी केलेल्या ३८ लाख कामांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१८ साली निष्कर्ष मांडला: मध्यक कमाई (म्हणजे निम्म्या जणांची याहून कमी) ताशी सुमारे २ डॉलर, आणि ताशी सव्वासात डॉलरच्या वर कमावणारे जेमतेम ४ टक्के. कारणही त्यांनी दाखवलं. काम शोधण्यात गेलेला वेळ, अर्धवट सोडावी लागलेली कामं आणि करूनही नाकारली गेलेली कामं, या कशाचेच पैसे मिळत नाहीत. आईच्या वेळेला किंमत आहे. ती अशी उधळू नये.

आता यंत्रांबद्दल. ऐकलेलं बोलणं लिहून काढणारं व्हिस्पर २०२२च्या सप्टेंबरात आलं, चॅटजीपीटी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. तेव्हापासून कच्चा मजकूर यंत्र करतं आणि माणूस तो सुधारतो, अशी कामाची पद्धत पसरत चालली आहे. अनुवादात या सुधारणीला पोस्ट-एडिटिंग म्हणतात आणि त्यासाठी २०१७ पासून आयएसओ १८५८७ हे स्वतंत्र मानकच आहे. असं काम आलं तर दर शब्दावर घेण्याऐवजी तासावर मागा, कारण यंत्राचा मसुदा वाईट असेल तर सुधारायला नव्यानं लिहिण्याइतकाच वेळ जातो. आणि ‘पीडीएफ बघून वर्डमध्ये टाइप करा’ अशी जाहिरात दिसली तर क्षणभर थांबून विचार करा. जे काम संगणक काही सेकंदांत करतो, त्यासाठी कुणी महिन्याचा पगार कशाला देईल? या जाहिरातींचं खरं काम काय असतं ते पुढे सापळ्यांमध्ये येईल.

सबटायटलचं काम जवळून

सगळ्या कामांबद्दल थोडं-थोडं सांगण्यापेक्षा एक काम आतून दाखवते, म्हणजे बाकीची कशी जोखायची याचा अंदाज येईल. ध्वनिफीत ऐकून लिहून काढणं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन; तोच मजकूर वेळेनुसार तोडून पडद्यावर आणणं म्हणजे सबटायटल.

पैसे ध्वनिफितीच्या मिनिटावर मिळतात, आणि इथेच नवख्यांचा हिशेब चुकतो. एक तासाचं स्वच्छ रेकॉर्डिंग लिहून काढायला हात बसलेल्या माणसालाही सुमारे चार तास लागतात. नवीन असाल तर सहा ते आठ धरा. दोघं-तिघं एकावेळी बोलत असतील किंवा मागे गोंगाट असेल तर त्याहून जास्त. म्हणून ‘तासाला इतके’ असं कुणी म्हटलं की तो तास कुणाचा, रेकॉर्डिंगचा की तुमचा, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

काम हातात आलं की आधी ग्राहकाला विचारा: बोलणं जसंच्या तसं हवं, की स्वच्छ करून? पहिल्या प्रकारात अडखळणं, ‘म्हणजे… म्हणजे’, खोकणं सगळं येतं. न्यायालयीन आणि काही संशोधनाच्या कामात तसं लागतं. दुसऱ्यात अर्थ न बदलता हे काढून टाकतात. मग पहिली पाच मिनिटं काहीही न लिहिता ऐका आणि माणसांची, संस्थांची, गावांची नावं कागदावर उतरवा. त्यांचं लेखन ग्राहकाकडून एकदाच खात्री करून घ्या.

लिहिण्यासाठी ओट्रान्स्क्राइब हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. एस्केप दाबलं की आवाज थांबतो, पुन्हा दाबलं की सुरू होतो. हात कीबोर्डवरून उचलावे लागत नाहीत. ऐकू न आलेला शब्द अंदाजानं भरू नका. तिथे खूण करून वेळ लिहा आणि पुढे चला. यंत्राचा मसुदा तपासत असाल तर तीन जागी कान टवकारा: नकार, आकडे आणि नावं. ‘नाही’ गळला तर वाक्य उलटं होतं. ‘पावणेदोनशे’, ‘साडेअकरा’, ‘सव्वा लाख’ अशा मराठी आकड्यांवर यंत्राच्या भरवशावर राहू नका. पावणेदोनशे म्हणजे १७५, हे कुणीतरी कान देऊन तपासायलाच हवं. तुमची किंमत इथेच आहे.

सबटायटलला स्वतःचे नियम असतात. नेटफ्लिक्सच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त दोन ओळी, आणि एक सबटायटल सात सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नये. इंग्रजीसाठी एका ओळीत ४२ अक्षरांची मर्यादा आहे. मराठीचं काम घेताना ग्राहकाची मर्यादा विचारून घ्या. ओळ कुठे तोडायची यात खरं कौशल्य आहे. ‘मला वाटतं, हा निर्णय / उद्यापर्यंत थांबवायला हवा’ असं तोडलं तर डोळा सहज वाचतो. ‘मला वाटतं, हा / निर्णय उद्यापर्यंत थांबवायला हवा’ असं तोडलं तर ‘हा’ लटकत राहतो आणि वाचणारा अडखळतो. शब्दांची जोडी फुटू द्यायची नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्याहून जास्त ओळी नीट पडतात.

फाइल एसआरटी प्रकारची असते. आत प्रत्येक सबटायटलला क्रमांक, खालच्या ओळीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, त्याखाली मजकूर, मग एक रिकामी ओळ. वेळेत सेकंदांनंतर स्वल्पविराम येतो आणि मग सेकंदाचे हजारावे भाग. मजकूर मराठी असला तरी वेळेच्या ओळीतले आकडे इंग्रजीच ठेवायचे, नाहीतर प्लेअर फाइल उघडत नाही. जतन करताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा. नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. सबटायटल एडिट आणि एजिसब ही दोन्ही साधनं मोफत आहेत आणि वेळेची जुळवाजुळव त्यात सोपी होते.

एक काळजीची गोष्ट. दोन्ही कान झाकणारे हेडफोन लावून बसलात तर मूल रडलेलं ऐकू येत नाही. तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी नजर मुलावर असलीच पाहिजे, किंवा मूल तुमच्या डोळ्यांसमोर झोपलेलं असलं पाहिजे. त्यामुळे ट्रान्स्क्रिप्शनला ‘तुकड्यांच्या वेळेचं काम’ समजू नका, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असलं तरी.

अनुभव नाही, तर नमुने

‘अनुभव किती?’ हा प्रश्न आला की अनेक जणी तिथेच माघार घेतात. घेऊ नका. ऑनलाइन कामात प्रमाणपत्राआधी कामाचा नमुना बघितला जातो. तीन नीटस नमुने पुरतात.

सबटायटलसाठी सरावाला लिब्रिव्हॉक्स चांगलं. २००५ पासून तिथे स्वयंसेवकांनी वाचलेल्या, स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची रेकॉर्डिंग मोफत मिळतात. ती लिहून काढून नमुना म्हणून दाखवायला अडचण नाही. टेड या व्याख्यानमालेतल्या भाषणांचं स्वयंसेवी भाषांतर २००९ साली सुरू झालं. तिथे तुमचं काम अनुभवी भाषांतरकार तपासतो आणि प्रसिद्ध झालं की भाषांतरकार म्हणून तुमचं नाव लागतं. पैसे मिळत नाहीत, पण जगात कुठल्याही ग्राहकाला दुवा पाठवून ‘हे मी केलं’ म्हणता येतं, आणि तपासणाऱ्याच्या दुरुस्त्यांतून जे शिकायला मिळतं ते महागड्या वर्गातही मिळेलच असं नाही. अशी दोन-तीन भाषणं करा आणि थांबा. त्यानंतरचं काम पैशांसाठी.

मुद्रितशोधनासाठी एका पानाचं आधीचं आणि नंतरचं रूप शेजारी-शेजारी ठेवा. हिशेबासाठी काल्पनिक दुकानाच्या एका महिन्याच्या जमाखर्चाची शीट करा. दुसऱ्याचं खरं, खासगी काम नमुना म्हणून कधीही दाखवू नका.

मुलासाठी नोकरी सोडली ती वर्षं अर्जात लपवायचं काहीच कारण नाही. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक नोंदवायची स्वतंत्र सोय आहे आणि त्यात पूर्णवेळ पालकत्व हा पर्याय आहे. एका ओळीत लिहा, पुढे जा आणि आत्ता काय येतं त्यावर बोला.

शिकायचं असेल तर आधी फुकट शिका. हबस्पॉट अकॅडमीचे मार्केटिंगचे आणि गुगल स्किलशॉपचे जाहिरातींचे अभ्यासक्रम मोफत आहेत, प्रमाणपत्रही मिळतं. पहिल्या कामाचे पैसे हातात पडेपर्यंत कुठल्याही अभ्यासक्रमावर मोठी रक्कम घालू नका. ‘कोर्स घ्या, काम आम्ही देतो’ असं म्हणणाऱ्याचा धंदा बहुधा कोर्स विकण्याचाच असतो.

काम कुठे मागायचं आणि कसं

सुरुवात ओळखीपासून करा. जुने सहकारी, जुने वरिष्ठ, कॉलेजातल्या मैत्रिणी यांना नेमकं सांगा. ‘काही काम असेल तर सांग’ हा निरोप वाचून विसरला जातो. ‘मी छोट्या व्यवसायांची महिन्याची बिलं आणि हिशेब सांभाळते, आठवड्याला आठ तास मोकळे आहेत’ असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला चटकन कुणीतरी आठवतं.

मग मोठी संकेतस्थळं. १९९९चं इलान्स आणि २००३चं ओडेस्क एकत्र येऊन जे झालं त्याला २०१५ पासून अपवर्क म्हणतात. तिथे ग्राहक काम टाकतो आणि आपण प्रस्ताव पाठवतो. २०१०च्या फायव्हरवर उलटं असतं: आपण सेवा मांडतो, ग्राहक निवडतो, आणि आपल्या कमाईतले २० टक्के कंपनी घेते. अनुवादकांसाठी १९९९ पासून चालणारं प्रोझ आहे. तिथल्या ब्लू बोर्डावर काम देणाऱ्या संस्थांबद्दल अनुवादक शेरे लिहितात. कुणाशीही काम ठरवण्याआधी ती संस्था पैसे वेळेवर देते का, हे तिथे बघून घ्या. एकाच वेळी पाच ठिकाणी खाती उघडू नका. एक निवडा आणि काही आठवडे नेटानं तिथेच प्रस्ताव पाठवा.

प्रस्ताव कसा असावा? मला असा आवडतो:

‘नमस्कार. तुमच्या मुलाखतींच्या व्हिडिओंना मराठी सबटायटल हवी आहेत असं वाचलं. मराठी माझी मातृभाषा. तुमच्या ताज्या मुलाखतीच्या पहिल्या दोन मिनिटांची सबटायटल करून सोबत जोडली आहेत. पंचवीस मिनिटांचा एक व्हिडिओ मी चार दिवसांत देईन. आठवड्याला एक जमेल. दर व्हिडिओच्या मिनिटावर आहे आणि एक वेळची दुरुस्ती त्यातच धरली आहे.’

यात कामाची गरज, घरची अडचण, लहान मूल यांपैकी काहीच नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे म्हणून ते टाळलेलं नाही. समोरचा माणूस त्याची अडचण सुटेल का एवढंच शोधत असतो. आठवड्याला किती जमेल हे मात्र खरं सांगितलं आहे, आणि त्यानं विश्वास वाढतो.

चाचणी मागितली तर दोन-तीनशे शब्दांपर्यंत द्यायला हरकत नाही. अख्खं प्रकरण ‘चाचणी’ म्हणून मागणारा फुकटात काम उरकून घेतोय.

दर ठरवताना

पहिल्या तीन कामांना घड्याळ लावा. नुसतं टाइप करण्याला नको. सूचना वाचणं, ईमेल, दुरुस्ती, बिल, सगळ्याला. समजा, दहा मिनिटांची मुलाखत लिहायला सत्तर मिनिटं लागली, ईमेलमध्ये पंधरा गेली, दुरुस्तीत वीस, बिल करायला दहा. झाली ११५ मिनिटं. दहा मिनिटांच्या ध्वनिफितीचे जे पैसे आले ते जवळपास दोन तासांचे आहेत. संकेतस्थळाचं कमिशन आणि पैसे पोचवण्याचा खर्च वजा करून जो ताशी आकडा उरतो, तो तुमचा खरा दर. तो मनाला पटत नसेल तर पुढच्या कामाला दर वाढवा किंवा कामाचा प्रकार बदला.

सुरुवातीला थोडा कमी दर लावलात तर तो ‘पहिल्या दोन कामांपुरता’ आहे असं लिहून कळवा. न सांगता लावलेला कमी दर पुढे वाढवणं फार जड जातं. दुरुस्त्या किती वेळा, मुदत कुठली, पैसे किती दिवसांत, या तीन गोष्टी ईमेलवर लिहिलेल्या हव्यात. संकेतस्थळावर काम करत असाल तर ग्राहकानं पैसे आधी तिथे जमा केल्याची खूण दिसल्याशिवाय सुरुवात करू नका. थेट ग्राहक असेल तर अर्धे आगाऊ मागा. पहिल्याच कामात ते मागणं उद्धटपणाचं नाही. परदेशातून पैसे येणार असतील तर पेओनिअर, पेपाल, वाइज अशा पैसे पोचवणाऱ्या सेवांचं शुल्क आणि चलनबदलातली घट आधी बघून दरात धरा. आणि पहिल्या दिवसापासून जमाखर्चाची नोंद ठेवा. घरातून मिळालेलं उत्पन्न हेही उत्पन्नच. तुम्ही राहता तिथले कराचे नियम त्याला लागू होतात.

सापळे

इथे सावकाश वाचा, कारण घरून काम शोधणाऱ्या बायकांवर फसवणाऱ्या लोकांचा डोळा असतो.

सध्याचा सगळ्यात धोकादायक प्रकार ‘टास्क’चा. अनोळखी क्रमांकावरून निरोप येतो: व्हिडिओला लाइक करा, हॉटेलांना तारे द्या, रोज पैसे मिळवा. पहिले एक-दोन दिवस थोडे पैसे खरोखर येतात आणि तिथेच विश्वास बसतो. मग एका गटात घेतात, जिथे बाकीचे सदस्य आपापल्या कमाईची चित्रं टाकत असतात. ते त्यांचेच लोक. पुढे ‘मोठ्या टास्कसाठी आधी रक्कम भरा’ सुरू होतं. त्यांच्या संकेतस्थळावर तुमच्या नावापुढे आकडा वाढत जातो, पण काढायला गेलं की आणखी भरायला सांगतात: कर, शुल्क, खातं मोकळं करण्याचा खर्च. तो आकडा म्हणजे पडद्यावरची नुसती अक्षरं असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२३च्या अख्ख्या वर्षात अशा सुमारे ५,००० तक्रारी आल्या. २०२४च्या पहिल्या सहाच महिन्यांत सुमारे २०,०००. कितीही रक्कम अडकली असली तरी ती सोडवण्यासाठी पुढचा एकही पैसा भरू नका. लगेच बँकेला कळवा, पोलिसांकडे तक्रार करा आणि घरात सांगा. लाजून गप्प बसण्यावरच यांचा धंदा चालतो.

दुसरा सापळा टायपिंगच्या जाहिरातींचा. इंटरनेटवर करारावर सही घेतात, मुद्दाम वाचता न येणारी पानं टाइप करायला देतात, मग ‘अचूकता कमी पडली, दंड भरा’ म्हणून वकिलाच्या नावानं नोटीस येते. पैसे भरू नका, उत्तर देत बसू नका. नोटीस जपून ठेवा आणि खऱ्या वकिलाला किंवा पोलिसांना दाखवा.

तिसरा, ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून बाकी पुढे पाठवा’. यात तुमचं नुकसान तर होतंच, शिवाय चोरीचा पैसा फिरवल्याबद्दल गुन्हाही तुमच्यावर येऊ शकतो. बँक खातं, सिमकार्ड किंवा ओळखपत्र कुणालाही ‘कामासाठी’ वापरायला देऊ नका. जास्त रकमेचा चेक पाठवून ‘उरलेले परत करा’ म्हणणं हाही याचाच भाऊबंद: चेक काही दिवसांनी न वटता परत येतो आणि तुम्ही पाठवलेले पैसे गेलेले असतात.

ओळखायचं कसं? खरा मालक पैसे देतो. नोंदणी, किट, प्रशिक्षण, सुरक्षा ठेव या नावांनी मागत नाही. कंपनीचं नाव मोठं सांगत असतील तर त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नोकऱ्यांचं पान उघडून ती जागा तिथे आहे का बघा. त्यांनी पाठवलेल्या दुव्यावरून जाऊ नका. आणि ‘आत्ताच्या आत्ता हो म्हणा’ असा दट्ट्या लावला, तर तेवढ्यावरूनच नाही म्हणा.

घराची आणि कामाची घडी

यंत्रसामग्री फार लागत नाही. चालता संगणक, बरे हेडफोन, आणि इंटरनेट बंद पडलं तर फोनवरून जोडणी. संगणकावर कामाचं खातं वेगळं करा आणि त्याला पासवर्ड ठेवा. याला दोन कारणं. ग्राहकाच्या रुग्णांची किंवा मुलाखतींची माहिती घरात कुणालाही दिसता कामा नये, तसं तुम्ही सही करून कबूल केलेलं असतं. आणि लहान हातांना कीबोर्ड फार आवडतो. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा. फाइलींच्या तीन प्रती ठेवा: संगणकावर, पेन ड्राइव्हवर आणि ऑनलाइन.

घरच्यांशी बोलताना ‘मला मदत करा’ इतकं मोघम बोलू नका. ‘सकाळी दहा ते अकरा दार मी उघडणार नाही, फोन घेणार नाही, मूल तुमच्याकडे’ असं वेळ सांगून ठरवा. पहिले काही दिवस कुणी ना कुणी विसरेल. शांतपणे पुन्हा सांगा. कमाई लहान असली तरी ते काम आहे, हे घराला वेळेच्या नेमातूनच कळतं.

ग्राहकाला दिलेल्या मुदतीच्या एक दिवस आधीची मुदत स्वतःसाठी धरा. तरीही मूल तापानं फणफणलेलं असेल आणि काम होणार नसेल, तर मुदत उलटून जायची वाट बघू नका. जमणार नाही असं वाटलं त्याच क्षणी कळवा, आणि नवी वेळ आपणहून द्या: ‘घरात आजारपण असल्यामुळे उद्या दुपारऐवजी परवा सकाळी दहापर्यंत फाइल देते. आतापर्यंत झालेली पहिली पंधरा मिनिटं सोबत जोडली आहेत. हवी असतील तर तपासायला घेता येतील.’ बहुतेक ग्राहक यावर ‘ठीक आहे’ म्हणतात. आधी कळवूनही जो आरडाओरडा करतो, त्याचं हातातलं काम पुरं करा, पैसे घ्या आणि पुढचं घेऊ नका.